चावट चित्रपट आणि लग्नाळू प्रेक्षक

(आष्टी, जि. बीड येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पिण्याचे पाणी, पीकविमा, ऊसतोडीचा दर, मुकादमाची उचल हे प्रश्न दारात उभे असताना पक्षाच्या व्यासपीठावरून तरुण पोरांच्या चावट चित्रपटांची चर्चा कशासाठी, असा आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक आहे. पण हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत आज पहिल्यांदाच आलेला नाही. तो वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी एकाच वाटेने येतो. कोणीतरी उठतो, अशा चित्रपटांनी पिढी बिघडत असल्याचे सांगतो, तहसीलदारांना निवेदन देण्याची सूचना मांडतो, आणि ती एकमताने संमत होते. या एकमताविषयी थोडा संशय यावा, एवढीच या भाषणाची सुरुवातीची मागणी आहे. दुधाच्या दरावर ज्यांचे एकमत होत नाही, त्यांचे अश्लीलतेवर इतक्या झटपट कसे होते?

प्रथम चित्रपट कोणते ते स्पष्ट व्हावे. २०१७ साली 'बॉईज' हा मराठी चित्रपट आला. वसतिगृहात राहणारी शाळकरी पोरे, त्यांचे टवाळपण, त्यांची द्व्यर्थी भाषा हा त्याचा ऐवज. त्यातले 'लग्नाळू' हे गाणे खेड्यापाड्यांतल्या वरातींत वाजले. चित्रपट इतका चालला की २०१८, २०२२ आणि २०२३ साली त्याचे पुढचे तीन भाग निघाले. २०१९ साली 'टकाटक' आला. प्रौढांसाठीचा विनोदी चित्रपट अशीच त्याची उघड जाहिरात होती, आणि त्याचाही दुसरा भाग २०२२ साली आला. चार-चार भाग निघतात, याचा अर्थ कोणीतरी ते पाहतो. ज्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर निम्मी गावे ओस पडतात आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरतात, त्या जिल्ह्यातले तरुणही ते पाहतात. आष्टी-कड्याच्या मुलाला मोठ्या शहरातले चित्रपटगृह गाठायचे तर नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची वाट धरावी लागते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते न्यू आष्टी अशी ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, पण सिनेमा त्याच्या कितीतरी आधी इथे येऊन पोहोचला होता. तो रुळांवरून आला नाही, मोबाइलमधून आला. कोपीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एस.टी.च्या मागच्या बाकावर, एका मोबाइलभोवती पाच डोकी जमवून तो पाहिला जातो. हे प्रेक्षागृह कोणत्याही निवेदनाने बंद होणारे नाही.

मग हे प्रेक्षक म्हणतात तरी काय? कार्यकर्त्याने निर्णय देण्यापूर्वी हे ऐकले पाहिजे.

पोरे म्हणतात, मजा आली, आमच्यातलेच दाखवले आहे. या उत्तरात तथ्य आहे. सकाळी अभंग म्हणणारा आणि दुपारी राष्ट्रकार्याची शपथ घेणारा मराठी किशोर हा पाठ्यपुस्तकातला प्राणी आहे. प्रत्यक्षातला किशोर शरीराच्या कुतूहलाने भांबावलेला असतो, त्याला उत्तर देणारे कोणी नसते, आणि ही भांबावलेली अवस्था लपवण्यासाठी तो टवाळीची भाषा बोलतो. पडद्यावर ती भाषा ऐकली की आपण एकटेच असे नाही, याचा त्याला दिलासा मिळतो. जे खळखळून हसतात त्यांतल्या निम्म्यांचे हसणे या दिलाशाचे असते. त्याला विकृती म्हणून मोकळे होणे हा आळस आहे.

दुसरे मत वडीलधाऱ्यांचे, आणि ते महाराष्ट्रात सर्वत्र एकाच वाक्यात सांगितले जाते: घरच्यांबरोबर बसून पाहता येत नाही. चित्रपट कसा आहे, तो खरे बोलतो की खोटे, कोणाची टर उडवतो, यांपैकी काहीही विचारण्याआधी ही कसोटी लावली जाते. या कसोटीकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. घरच्यांबरोबर बसून काय पाहता येते आणि काय ऐकता येते? सोळा वर्षांच्या मुलीचे स्थळ ओसरीवर सर्वांदेखत ठरवता येते. हुंडा किती, मानपान काय, पोरगी दिसायला कशी, रानात कामाला किती वाकबगार, याची चर्चा आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकत्र बसून करता येते. त्यात कोणालाही लाज वाटत नाही. त्याच मुलीला पाळी येते हा शब्द मात्र त्या ओसरीवर उच्चारता येत नाही. म्हणजे लाजेचा मक्ता शब्दाकडे दिला आहे, कृत्याला लाज वाटण्याची सक्ती नाही.

हे आलंकारिक बोलणे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते, बीडचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुलीचे लग्नाचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस असल्याचे २००६ चा कायदा सांगतो. प्रौढांसाठीचा चित्रपट पाहण्याचे वयही अठराच. तेव्हा व्यवस्था अशी झाली की सतरा वर्षांच्या मुलीने शृंगारावरचा विनोद पडद्यावर पाहणे बेकायदा आणि समाजाला अमान्य, आणि तिला प्रत्यक्ष संसारात ढकलणे हेही बेकायदा, पण समाजाला मान्य. पहिल्यासाठी तहसीलदारांना निवेदन जाते. दुसऱ्याच्या पंगतीत निवेदन देणारे जेवून येतात.

या पोरवयीन लग्नांचे मूळ केवळ अज्ञानात शोधणारे लोक शहरातून येतात आणि व्याख्यान देऊन परत जातात. इथल्या कार्यकर्त्याला वेगळे ठाऊक आहे. ऊसतोडीत हिशेब माणसाचा नसतो, कोयत्याचा असतो, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकट्या पोराला मुकादम अर्धा कोयता धरतो. मुलगा कामाला आला की त्याची जोडी लावण्याची घाई घराला होते. दुसरीकडे, आईबाप सहा महिने कारखान्याच्या थळात असताना वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतो. बरोबर न्यावी तर उसाच्या फडात आणि उघड्या कोपीत तिची राखण कोण करणार? लग्न लावून टाकणे हे बापाला संरक्षण वाटते. हंगामी वसतिगृहाचा प्रश्न म्हणूनच केवळ शिक्षणाचा प्रश्न नाही. जिथे मुलीसाठी भरवशाचे वसतिगृह आहे, तिथे बापाच्या हातात लग्नाखेरीज दुसरा काही उपाय तरी असतो.

याला आणखी एक आकडा जोडून पाहावा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रातला तो नीचांक होता. २००१ साली हाच आकडा ८९४ होता. २०१२ साली परळीचे गर्भपाताचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा या घसरणीचा कारखाना कसा चालत असे ते उघड झाले. २०११ साली जी मुले सहा वर्षांच्या आतली होती, ती आज पंधरा ते एकविशीच्या घरात आहेत. म्हणजे हेच ते प्रेक्षक. 'लग्नाळू' या गाण्यावर वरातीत नाचणाऱ्या हजार पोरांच्या वाट्याला त्यांच्याच वयाच्या जेमतेम आठशे मुली आहेत. ज्या जिल्ह्याने मुली जन्मण्याआधीच वजा केल्या, त्या जिल्ह्यातला पोरगा नवरी मिळेल का या चिंतेवरचा विनोद ऐकून सर्वांत जोरात हसतो, आणि ते हसणे ऐकून वडीलधारे म्हणतात की पोरे बिघडली. पोरांच्या आधी कोण बिघडले होते, याची नोंद जनगणनेत आहे.

आता चावटपणाविषयी. मराठी समाज सोवळा होता आणि सिनेमाने त्याला बाटवले, ही समजूत इतिहासाला धरून नाही. शिमग्याला बोंब मारण्याची आणि अर्वाच्य बोलण्याची मुभा इथे धर्माच्या सहीशिक्क्यानिशी दिलेली होती. तमाशाची गौळण, बतावणी आणि वग यांत द्व्यर्थी बोलणे हा कसबाचा भाग होता. बायकांचेही स्वतःचे चावट बोलणे होते. विहिणींना चिडवणारी लग्नातली गाणी आणि उखाणे ज्यांनी माजघराच्या दाराआडून ऐकले आहेत, ते त्यांच्या सोज्वळपणाची हमी देणार नाहीत. फरक एवढाच की पुरुषांचा चावटपणा चावडीवर चाले आणि बायकांचा दार लावून. या फरकाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

या परंपरेला पडद्यावर आणणारा माणूस समाजवादी चळवळीच्या अंगणातून गेला, याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. दादा कोंडके यांचा जन्म १९३२ चा, मुंबईच्या गिरणगावातला. बँडपथकात वाजवणे, अपना बाजारात नोकरी, राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कामात वावर, असा त्यांचा आरंभ. सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला काय काय दिले हे या बैठकीला सांगायला नको. निळू फुले त्याच मुशीतून आले. पुढे वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग दादांनी केले. त्यात कोतवाल होता, हवालदार होता, शृंगार होता, आणि त्या सर्वांच्या आडून चालू राजकारणाला मारलेल्या कोपरखळ्या होत्या. सत्ताधारी त्या ऐकून अस्वस्थ होत आणि प्रेक्षक तिकीट काढून पुन्हा येत.

१९७१ साली 'सोंगाड्या' आला. दादरच्या कोहिनूर चित्रगृहात देव आनंद यांच्या हिंदी चित्रपटासाठी त्याला जागा नाकारली गेली, आणि तेव्हा त्याच्या बाजूने उभी राहिली ती शिवसेना. पुढे दादांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले, त्याची नोंद गिनेस बुकात झाली, आणि दादा शिवसेनेच्या सभांमधून बोलू लागले. हे का घडले, याची कारणे अनेक असतील, पण एक कारण चळवळीने आपल्याजवळच शोधावे. गिरणीतला मजूर आणि गावचा शेतमजूर ज्या विनोदावर हसत होता, त्या विनोदाकडे पुरोगामी पांढरपेशा नाकाला रुमाल लावून पाहत होता. समीक्षकांनी दादांना अश्लील म्हटले, कार्यकर्त्यांनी मान डोलावली. १९५३ च्या 'श्यामची आई' या चित्रपटावर वाढलेल्या पिढीला, श्यामच्या आईचे अश्रू हीच संस्कृती आणि पांडू हवालदाराची अर्धी चड्डी म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, असे वाटले. हे दोन्ही एकाच समाजाचे आहेत, हे ओळखले ते दुसऱ्यांनी. ज्याच्या हसण्याची लाज वाटते, त्याची मते मागायला जाणे अवघड असते, आणि मतपेट्यांनी पुढे हे वेळोवेळी दाखवून दिले.

इतके म्हटल्यावर असा समज होईल की चावट चित्रपटाची ही वकिली आहे. तसे नाही. दादा कोंडके यांच्या विनोदात बाईच्या शरीरावरचे बोलणे भरपूर होते आणि त्यावर टीका करणाऱ्या स्त्री कार्यकर्त्या सोवळ्या नव्हत्या. त्यांचे म्हणणे खरे होते. स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन रोखणारा १९८६ चा कायदा ज्या मागणीतून आला, ती मागणी संस्कृतिरक्षकांची नव्हती, स्त्रीमुक्तीच्या चळवळीची होती. फक्त दोन तक्रारींची गल्लत होऊ देऊ नये. एक तक्रार म्हणते, शरीराविषयी बोललात. दुसरी म्हणते, माझ्या शरीराविषयी मला वगळून बोललात. निवेदने पहिलीची निघतात.

दुसरी तक्रार नव्या चित्रपटांना लावून पाहिली म्हणजे खरे दोष दिसू लागतात, आणि ते शिवराळ संवादांत नाहीत. या चित्रपटांतला मुलगा कुतूहलाने भरलेला असतो. मुलगी त्या कुतूहलाची वस्तू असते. मुलगा फजित होतो, पडतो, मार खातो, तरी शेवटी कथा त्याचीच असते. मुलीला काय वाटले, तिला भीती होती का, तिला हवे होते की नको, नको असेल तर तिने नाही म्हटल्यावर काय झाले, हे विचारण्याची पटकथेला सवड नसते. फडात किंवा कॉलेजच्या वाटेवर जी मुलगी नाही म्हणते, तिचे नाही हे लाजण्याचे होय असते, असे शिकवणारा विनोद शिवीपेक्षा कितीतरी अधिक अश्लील आहे. त्यात एकही द्व्यर्थी शब्द नसला तरीही.

याच मराठी पडद्यावर हे वेगळ्या रीतीने करून दाखवलेले आहे. जानेवारी २०१३ मध्ये रवी जाधव यांचा 'बालक पालक' प्रदर्शित झाला. चाळीतली तीन-चार मुले, भाड्याचा व्हीसीआर, चोरून पाहिलेली निळी फीत, असा त्याचा विषय. विषय ऐकून दचकणाऱ्यांनी तो पाहिला तेव्हा सभागृहात हशा होता आणि मध्येच शांतताही होती. मुलांचे कुतूहल कुठून सुरू होते ते लक्षात घ्यावे. चाळीतली एक ताई अचानक चाळ सोडून जाते, मोठी माणसे कुजबुजतात, आणि मुलांनी विचारले की गप्प बसवतात. त्या मौनातून फीत येते. आणि शेवटी किशोर कदम यांनी रंगवलेले कदमकाका त्या मुलांना जवळ बसवून साध्या शब्दांत बोलतात, न रागावता. त्या चित्रपटातला विशू प्रथमेश परब याने केला. सहा वर्षांनी 'टकाटक'चा नायकही तोच होता. प्रश्न विचारणारा मुलगा वाढून शिकारीला निघालेला तरुण झाला, असे बाजाराने ठरवले. मधल्या काळात त्याच्याशी बोलणारे कदमकाका कोणत्याही चित्रपटात राहिले नाहीत.

आणि शाळेतही राहिले नाहीत. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली शाळांत येऊ घातला तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने तो थांबवला. त्या वेळी संस्कृतीच्या नावाने भाषणे करणाऱ्यांत सर्व पक्षांची माणसे होती. शिक्षकाने फळ्यावर जे सांगायचे ते बंद झाले. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, आणि जे सांगायचे नव्हते ते सर्व खिशात आले. प्रश्न तेच राहिले, उत्तर देणारा बदलला.

या प्रश्नांवर मराठीत पहिल्यांदा तोंड उघडणारा माणूस एकटा होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते तोट्यात चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला कशासाठी होता? वाचकांनी शरीरसंबंधाविषयी पत्रांतून विचारलेल्या शंकांना मासिकाने उत्तरे दिली, यासाठी. लोक प्रश्न विचारतात आणि जाणकाराने उत्तर द्यायचे नाही, तर मग ज्ञान कशासाठी, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि दंड झाला. कोणाची बाजू कोणी घेतली होती, हे निवेदनाखाली सही करणाऱ्याने सहीपूर्वी आठवावे.

मौनाची किंमत इथल्या स्त्रीने कशी मोजली, ते २०१९ साली सर्व देशाने वाचले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी शासनाने नेमलेल्या समितीने ८२ हजारांवर महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, फडात ना पाणी ना आडोसा, अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला तर सांगायचे कोणाला हे ठाऊक नाही, आणि दवाखान्यात गेले की पिशवी काढून टाका, कर्करोग होईल, अशी भीती. शोषण उघड आहे: मुकादमाचे, कारखान्याचे, नफेखोर डॉक्टराचे. परंतु या शोषणाला जो साथीदार मिळाला तो घरातला होता. बारा वर्षांची असताना जिला आपल्या शरीरात काय आहे हे कोणी सांगितले नाही, ती तिशीत डॉक्टरला काय विचारणार? आणि तिचा नवरा, ज्याची त्या विषयातली सर्व विद्या चावट विनोदापुरती, तो तरी काय विचारणार?

म्हणून पुन्हा प्रेक्षकांच्या मतांकडे. पोरांचे मत ऐकले, वडीलधाऱ्यांचे ऐकले. तिसरे मत कुठे आहे? तंबूतल्या सिनेमाच्या काळात बायकांची बसण्याची जागा वेगळी असे, मध्ये दोरी किंवा कनात असे. पण त्या तंबूत असत. दादांच्या चित्रपटांना गावच्या बायका येत आणि तोंडाला पदर लावून हसत, असे जुने लोक सांगतात. मोबाइलभोवती जमलेल्या पाच डोक्यांत मुलीचे डोके नसते. मोबाइल भावाचा असतो. तिने तोच चित्रपट पाहिला तर लपून, एकटीने, आवाज बंद करून. पाहून झाल्यावर तिला काय वाटले हे ती मैत्रिणीलाही जपून सांगते, कारण पाहिला हे कळले तर शाळा बंद आणि स्थळे सुरू. चित्रपटाचा खप, त्याची प्रसिद्धी, त्याच्यावरचे आक्षेप, या सर्वांत तिच्या मताची कुठेही नोंद नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेल्या 'सैराट'ने २०१६ साली एका मुलीला बुलेट चालवायला लावली आणि स्वतःचा जोडीदार निवडायला लावला. तेव्हा तिकीटबारीवर मुलींच्या रांगा लागल्या होत्या. त्या चित्रपटात चावट काहीच नव्हते. तरी त्यानंतर गावागावांत मुलींवरची पाळत वाढवावी असे ज्यांना वाटले, त्यांना भीती चावटपणाची नव्हती, निवडीची होती.

साथींनो, कामाचे बोलायचे तर निवेदनाचा कागद बाजूला ठेवावा. पाडव्यानंतर गाड्या परत येतात आणि दसऱ्यापर्यंत माणसे गावात असतात, तेवढे महिने हाताशी आहेत. त्यांत मागण्या दोनच ठेवाव्यात, पण धसास लावाव्यात. तालुक्यात हंगामी वसतिगृहे मुलींसाठी स्वतंत्र, बायका रखवालदार असलेली आणि बारावीपर्यंतची हवीत. आणि माध्यमिक शाळांत शरीरशास्त्र, पाळी, संमती आणि संततिनियमन यांचे तास आरोग्यसेविकेने घ्यावेत, मुलांचे आणि मुलींचे. पहिल्या मागणीला पैसे लागतात म्हणून ती टाळली जाईल. दुसरीला पैसे लागत नाहीत, म्हणून तिला संस्कृती आडवी येईल. तेव्हा व्यासपीठावर कोण बसते आणि कोण उठून जाते ते दिसेलच.

आणि ज्या गावात कार्यकर्ता बालविवाहाच्या पंगतीला न जाण्याचे धैर्य दाखवील, त्या गावात एका संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून 'बालक पालक' दाखवावा. पुढची जागा आयाबहिणींची. चित्रपट संपल्यावर भाषण करू नये. भाषणाने मुली उठून जातात. एक पत्र्याचा डबा ठेवावा, त्यात ज्याला जे विचारायचे ते बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून टाकावे, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरने किंवा परिचारिकेने त्या चिठ्ठ्यांना उत्तरे द्यावीत. पोरांनी टवाळीच्या चिठ्ठ्या टाकल्या तर त्यांनाही गंभीर उत्तर द्यावे, तेवढ्याने टवाळी ओसरते. डबा उघडण्याचे काम कार्यकर्तीकडे द्यावे, आणि चिठ्ठीवरचे अक्षर कोणाचे याचा शोध घेणाऱ्याला, तो पक्षाचा कितीही जुना माणूस असला तरी, त्या खोलीत प्रवेश देऊ नये.